तिसरा वार

"आता याच्यासमोर बोला," असं म्हणत धाकटीने काउंटरवरचा मोठा कॅमकॉर्डर वडिलांच्या तोंडासमोर धरला आणि हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

अप्पा दुकानातल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे नाइलाजाने पाहिलं.

"काय बोलू?"

"मघाशी बोललात तेच."

"मघाशी मी म्हटलं, घरी जाऊ या."

"तेच म्हणा."

त्यांनी तेच म्हटलं. आवाज घोगरा होता आणि वाक्य संपेपर्यंत निम्मा विरून जात होता. याच आवाजाने अप्पांनी हयातभर जुन्या सामानाच्या लिलावघरात बोली पुकारली होती. सोमवारी डॉक्टर त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. गाठ काढायची तर आवाज जाणार, यात मधला मार्ग नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवसापासून धाकटीने एकच हट्ट धरला होता. आवाज जायच्या आधी तो ठेवून घ्यायचा.

फोनवर करून झालं होतं. पण फोन समोर धरला की अप्पा "हॅलो" म्हणत आणि कामापुरतं बोलून गप्प होत. शिवाय फोन फार शहाणा. मागचा गोंगाट आपणहून पुसून टाकण्याची त्याला खोड, आणि अप्पांचा घोगरेपणा त्याला गोंगाटच वाटायचा. ऐकायला बसलं की कोणीतरी गुळगुळीत, अनोळखी गृहस्थ बोलतोय असं वाटे. धाकटीला तो गृहस्थ नको होता.

"ताई, तुम्हाला नक्की कशासाठी हवाय?" दुकानदाराने विचारलं. त्याचा चहा केव्हाचा निवला होता. "सहलीला, समारंभाला, की शिकून धंदा करायचाय?"

"यांच्यासाठी," ती म्हणाली.

दुकानदाराने अप्पांकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. छोटा होता तो नवशिक्यांसाठी. खिशात मावणारा, खिशाला परवडणारा, लहान मुलानेही चालवावा असा. पण त्याने अप्पांपेक्षा छताचा पंखा जास्त मन लावून ऐकला होता. मोठा होता तो लग्नसमारंभ टिपणाऱ्यांचा. चित्र असं की अप्पांच्या दाढीचे खुंट मोजून घ्यावेत. बटणं मात्र इतकी, की खुद्द दुकानदार दोनदा चुकला. राहिला मधला. त्याला कॉलरला लावायचा वेगळा माइक जोडता येत होता. धाकटीने तो तीनदा ऐकला. त्यात अप्पा अप्पांसारखे येत होते, खोकल्यासकट.

तेवढ्यात दादाचा फोन आला. हा मोठा भाऊ पार दुसऱ्या देशात होता, आणि लांब असल्यामुळे त्याची मतं फार ठाम होती. ती बोलायला दाराबाहेर गेली.

"घ्यायचाच तर सगळ्यात भारी घे," दादा म्हणाला. "पुन्हा पुन्हा थोडाच घेणार आहोत?"

"तो शिकेपर्यंत सोमवार येईल, दादा."

"अगं, पण चित्र..."

"चेहरा राहणार आहे. आवाज जाणार आहे."

काचेतून तिला दिसत होतं, दुकानदार अप्पांपुढे वाकून कॅमेऱ्याच्या तोंडाशी बोट नेऊन काहीतरी समजावत होता आणि अप्पा मालाची पारख करावी तसे कॅमेरा चहूबाजूंनी पाहत होते. ती आत आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणत होता?"

"माल दाखवत होता," अप्पा म्हणाले. "मधला घे. चोख आहे."

रविवारी सकाळी तिने खिडकीजवळ खुर्ची मांडली, तिकाटण्यावर कॅमेरा बसवला आणि अप्पांच्या कॉलरला माइक लावला. दुकानात बटणं दुकानदारानेच दाबली होती, पण तिला यंत्रांची भीती नव्हती. ती बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि तिथल्या यंत्राचा नुसता दिवा बघून ती लांबून सांगे, काय चाललंय ते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपऱ्यात हिरवी खूण होती. बटण दाबलं की ती लाल व्हायची, पुन्हा दाबलं की हिरवी. हिरवी दिसली की ती म्हणे, "हां अप्पा, बोला." लाल करून म्हणे, "थांबा."

अप्पांनी क्षणभर कॅमेऱ्याकडे निरखून पाहिलं. मग ते सुरू झाले, आणि सत्काराला उत्तर द्यावं तसे बोलू लागले. जन्म अमुक ठिकाणी, शिक्षण तमुक शाळेत, नोकरीत सर्वांचं सहकार्य लाभलं. धाकटी रडकुंडीला आली. बरं, "थांबा" म्हटलं की हाच माणूस खुलायचा. ती माइक सारखा करत असताना त्यांनी लिलावघराच्या मालकाची नक्कल केली. पडदा सरकवायला गेली तर आईची आठवण काढून हसले. आई म्हणायची, तुमचा आवाज कचेरीत ठेवून या, घरात जागा नाही.

"हेच आता सांगा ना," तिने बटण दाबून म्हटलं. खूण हिरवी झाली.

"सर्वांचं सहकार्य लाभलं," अप्पा म्हणाले.

तिने शेवटचा उपाय काढला. "बोली पुकारा. एक वार, दोन वार."

अप्पांची बोली ही घरातली खास चीज होती. तीन वार असं ते कधी म्हणतच नसत. तिसरा वार हातोडीचा, तोंडाचा नव्हे, हा त्यांचा नेम. लहानपणी अभ्यासाला बसायला कुरकुर केली की ते दाराशी उभे राहून "एक वार, दोन वार" म्हणत, आणि दारावर बोटाचं पेर वाजायच्या आत दोन्ही मुलं पुस्तकात डोकं खुपसत.

"माल कुठाय?" अप्पांनी विचारलं.

"ही खुर्ची विका."

"हिच्यावर मी बसलोय. मालाशिवाय बोली पुकारत नसतो."

"थांबा मग," बटण दाबून ती चिडून म्हणाली आणि त्यांच्या घशासाठी पाणी कोमट करायला आत गेली. ओट्याशी उभी राहून ती थोडी रडली. मग तोंड धुऊन, पेला घेऊन बाहेर आली आणि पुन्हा नेटाने सुरुवात केली. दुपारपर्यंत अप्पांचा आवाज बसला. जे मिळालं ते मिळालं, असं म्हणून तिने कॅमेरा पिशवीत ठेवला. लगेच बघायचा धीर तिला झाला नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. अप्पांना बसता येऊ लागलं, तेव्हा त्यांच्या मांडीवर एक पाटी आली आणि हातात खडू. गळ्याभोवती पट्ट्या होत्या. एका दुपारी धाकटीने पलंगाशेजारी बसून कॅमेरा काढला आणि हेडफोन लावले.

पहिल्याच तुकड्यात तिचं स्वतःचं कोपर होतं. माइक सारखा करणारे तिचे हात होते. दुसऱ्यात पडदा सरकवणारी तिची पाठ. जन्म नव्हता, शाळा नव्हती. प्रत्येक तुकडा तिच्या "थांबा"ने सुरू होत होता आणि "बोला"पाशी संपत होता. मग तिच्या ध्यानात आलं. कारखान्यात हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे ठप्प. इथे उलटं होतं.

"सगळं गेलं, अप्पा," ती म्हणाली. "मी उलटं दाबत होते."

अप्पांनी खडूने पाटीच्या कडेवर टकटक केलं. तिने वर पाहिलं. ते बोट फिरवून सांगत होते, पुढे बघ.

पुढच्या तुकड्यात रिकामी खोली आणि खुर्चीत अप्पा. आतून भांड्याचा आवाज येत होता. अप्पा थेट कॅमेऱ्याकडे बघत होते.

"धाकटे, तू आत गेलीयस. समोर लाल दिवा लागलाय. दुकानदाराने सांगितलं होतं, लाल लागला की चालू. तू तुझ्या कारखान्याच्या हिशेबाने चाललीयस. तुला सांगणार होतो. पण मग ती शाळा न् नोकरी पुन्हा म्हणायला लावली असतीस. ती काय, कुणाचीही असते." ते खोकले, सरसावून बसले, आणि आवाज बदलला. घासलेला होता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. "तर मंडळी, माल बघून घ्या. एक आवाज. भरपूर वापरलेला. कडेला चिरलाय, लपवत नाही. यानं कपाटं विकली, आरसे विकले, एकदा चुकून मालकाची छत्री विकली. पोरांवर जरा जास्तच चढला, त्याचं वाईट वाटतं. घरी ठेवणार असेल त्यालाच देणार. लांबून ओरडू नका, बोट वर करा. एक वार."

ते थांबले. खोलीत कुणीच नव्हतं, तरी त्यांनी सवयीने डावीकडून उजवीकडे नजर फिरवली.

"दोन वार."

त्यांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. पावलं वाजली. हात खाली आला. पाण्याचा पेला चौकटीत शिरला आणि तिचा स्वतःचा वैतागलेला आवाज आला, "हां अप्पा, आता तरी नीट बोला." चित्र तिथे संपलं.

धाकटीने हेडफोन काढले. अप्पा तिच्याकडेच बघत होते, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. तिने एक बोट वर केलं.

अप्पांनी पाटी बाजूला ठेवली आणि बोटाच्या पेराने पलंगाच्या लोखंडी दांडीवर एक ठोका दिला.

पलीकडच्या पलंगापाशी असलेली नर्स वळली. "काही हवंय का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "मिळालं."