आवळलेल्या तारा

मी एक जुनी ल्यूट आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या पडल्या ना? पडू द्या, मला सवय आहे. मला पाहिलं की लोक हमखास विचारतात, "ही गिटार अशी फुगलेली का?" मित्रांनो, मी गिटार नाही, तिच्याहून जुनं परदेशी तंतुवाद्य आहे. माझी पाठ उभ्या चिरलेल्या नासपतीसारखी गोल आहे, मान आखूड आहे आणि डोकं मागे मोडल्यासारखं वाकलेलं आहे. मी दिसायला विचित्र आहे हे मला मान्य आहे, पण ते दुसऱ्याने बोललेलं मला खपत नाही.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. लाकडाच्या पातळ पट्ट्या तो तापलेल्या नळीवर वाकवायचा आणि एकीला एक जोडायचा. हात भाजला की आधी स्वतःला शिव्या घालायचा, मग मला. माझी पुढची फळी, म्हणजे तबली, त्याने तासून तासून पापुद्र्यासारखी केली. जिला तारा बांधतात ती घोडी तिच्यावर नुसत्या सरसाने चिकटवली. खिळा नाही की स्क्रू नाही. "हिचा आवाज या पातळपणातच आहे," तो मला न्यायला आलेल्या बाईंना म्हणाला. "हिच्यावर जोर करू नका."

त्या बाई म्हणजे माझी ताई. ती एका शाळेत गाणं शिकवायची. आईवडील लवकर गेले होते आणि पदरात धाकटा भाऊ होता. त्याला सगळे छोटू म्हणत. पुढे त्याला मिशा आल्या, तो फ्रिज दुरुस्त करणारा मेकॅनिक झाला, तरी तो छोटूच राहिला.

माझ्याशी संसार करणं सोपं नाही, हे मी आधीच सांगते. माझ्या तारा मेंढीच्या आतड्याच्या. हवा दमट झाली की त्या फुगतात, कोरडी झाली की आक्रसतात आणि कुणी खोलीचं दार उघडलं तरी बेसूर होतात. त्यातून त्या जोडीजोडीने बसवलेल्या, म्हणजे एक जुळवावी तर तिची जोडीदारीण रुसते. ताई खुंट्या पिळत बसायची आणि छोटू जेवणाच्या ताटावरून ओरडायचा, "ताई, जुळवणं फार छान झालं गं! आता गाणं कधी?" माझ्यासाठी तिने उजव्या हाताची नखं कधी वाढवली नाहीत. प्रवासात शेजारच्या सीटवर मला बसवायची आणि स्वतः पाय आखडून बसायची. एवढं करून कौतुक म्हणाल तर बेताचंच. छोट्याशा सभागृहातही मागच्या रांगेतून आवाज यायचा, "ऐकू येत नाही हो!" आता नाही येत तर नाही येत, पुढे येऊन बसा की!

पण घरात माझा आवाज पुरत असे. छोटू लहान असताना त्याला झोप लागायची नाही. आईची आठवण काढून तो रडायचा. तेव्हा ताईने त्याच्यासाठी एक गाणं रचलं. त्याला शब्द नव्हते. वरच्या तारांवर एक सूर चालायचा, खालच्या तारांवर दुसरा, आणि मध्ये दोघे भेटायचे; एका गळ्यात मावणारं ते नव्हतंच. ते तिने कधी लिहून ठेवलं नाही. घरातल्या रोजच्या स्वयंपाकाची कृती कोण लिहून ठेवतं?

मग ताईच्या हातांना काहीतरी झालं. आधी डब्याचं झाकण उघडेना. मग शाळेत खडू हातातून पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, स्नायू मरत चालले आहेत. माझ्या तारा मऊ, त्यांच्यावर बोट नुसतं टेकवलं तरी पुरतं. त्यामुळे तिला वाजवता येईल असं मी एकच वाद्य उरले. दवाखान्यात राहून उपचार घेतले तर काही आठवडे बोटं साथ देतील, पुढचं सांगता येत नाही, असंही डॉक्टर म्हणाले. आत्ता बोटं मध्येच अडखळत होती, म्हणून ताईने ठरवलं, की घरी आल्या आल्या छोटूचं गाणं फोनवर रेकॉर्ड करायचं. तिने हे त्याला सांगितलं नाही. मला मात्र मांडीवर घेऊन सांगितलं. "एवढं एक त्याच्यासाठी ठेवून जाऊ दे मला."

दवाखान्यात जाण्याआधी तिने माझ्या सगळ्या तारा सैल केल्या. बरेच दिवस वाजवायचं नसलं की ल्यूटवाले असंच करतात. तबलीला तेवढीच विश्रांती. छोटूला ती एवढंच म्हणाली, "हिला ऊन लागू देऊ नकोस." त्याने खिडकीला जाड चादर लावली. माझ्यावर कवडसाही पडू दिला नाही, शहाण्या मुलाने.

ताई घरी यायच्या आदल्या दिवशी त्याने मला पुसायला घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला. तारा लोंबत होत्या, एक तर तुटलेली होती. त्याला वाटलं, आपल्या हयगयीनेच हे झालं. बिचारा मेकॅनिक! सैल ते घट्ट करायचं, हेच त्याचं शास्त्र. तो तसाच गिटारच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "तार ती तार, यात काय एवढं?" छोटूने पोलादी तारांची पाकिटं आणली, सगळ्या जुन्या तारा काढल्या आणि नव्या चढवून खुंट्या पिळत गेला. मी कण्हत होते. माझी तबली वर उचलली जात होती. त्याने एक तार छेडली आणि टाळी वाजवली. "वा! आता कसा खणखणीत! ताई बघतच राहील."

दुसऱ्या दिवशी दुपारी, तो ताईला आणायला गेला असताना, घोडी उपटली गेली. जाताना तिने अर्धी तबली सोबत नेली.

ताई दारातून आली ती थेट माझ्याकडेच. तिने मला पाहिलं आणि निखळलेली घोडी उचलून पुन्हा जागेवर धरून पाहिली. छोटू घाईघाईने सांगत होता, "मी फक्त घट्ट केल्या गं! सैल पडल्या होत्या म्हणून..." छोटूने कुठूनतरी गिटार आणली. ताईने प्रयत्न केला, पण तार दबेना. तेव्हा कुठे तिने त्याला गाण्याचं सांगितलं. तो अंगणात जाऊन उभा राहिला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही.

माझा कारागीर केव्हाच वारला होता. दूरच्या एका गावात दुसरा सापडला, पण नवी तबली म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं काम. मी घरी परतले तेव्हा ताईचे हात मांडीवर पडलेले होते आणि बोलणंही जवळजवळ संपलं होतं. छोटूने नखं कापली आणि मला मांडीवर घेतलं. त्याची बोटं जाड, एका वेळी दोन जोड्या दाबायची. तरी तो रोज आठवून आठवून सूर शोधायचा आणि विचारायचा, "असं होतं का गं?" ताई मान हलवायची. नाही.

असं फार दिवस चाललं. एका संध्याकाळी त्याने पुन्हा विचारलं, "असं होतं का?" ताई त्याच्याकडे बघत राहिली. तो वाळून काटकुळा झाला होता. मग तिने हळूच मान डोलावली. हो. छोटू तिच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

मित्रांनो, ते तसं नव्हतं. जवळपासही नव्हतं. हे मला कळत होतं आणि ताईलाही.

थोड्याच दिवसांत ती गेली. मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, की माया असेल तिथे हात लावण्याआधी विचारा. वस्तू असो की माणूस, त्याला काय हवं ते विचारा, आणि उत्तर देणारं कुणी आहे तोवर विचारा. छोटूची माया खोटी नव्हती, म्हणून तर मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

तो आजही मला रोज वाजवतो. तेच चुकीचं गाणं, आता अगदी सफाईने. ताई हो म्हणून गेली आहे, नाही म्हणणारी मी कोण?