चौथ्या माणसाच्या जागी दगड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नाव आहे आणि मला तीन या आकड्याची फार भीती वाटत असे. लाकडाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण रोज ज्याचे हात अंगाला लागतात, त्याच्या मनातलं थोडंफार आपल्यातही झिरपतंच.

मला रंगनाथ सुतारानं घडवलं. सागाच्या फळ्या, बाभळीचा कणा, सांध्यांत ठासलेले अंबाडीचे तंतू आणि वरून डांबर. गोदावरीच्या एका काठाला आमचं गाव, पलीकडे सोनपेठचा रस्ता. बाजाराच्या दिवशी शेळ्या, तुरीची पोती, नव्या नवऱ्या, सगळ्यांना मी पार नेई. "मुंजाजीच्या नावेत बसलं की ओसरीत बसल्यागत वाटतं," असं लोक म्हणत. तेव्हा मला फार बरं वाटे.

मुंजाजी माझा नावाडी. लहानपणी तो बाप आणि चुलत्याबरोबर नदीत गेला होता. तिघं गेले, तो एकटाच परतला. तेव्हापासून, स्वतःला धरून तीन माणसं त्यानं नावेत कधी घेतली नाहीत. दोनच उतारू आले तर काठावरचा शेंदूर फासलेला गोल दगड उचलून तो माझ्यात ठेवी. "हा चौथा," म्हणे. शिदोरीत तीन भाकरी निघाल्या तर एकीचे दोन तुकडे करूनच खाई. तीन भाकरी मेलेल्या माणसाच्या पानावर ठेवतात, असं तो सांगे.

बहात्तरच्या दुष्काळात नदी आटली. मी वाळूत पडून राहिले. फळ्या आक्रसल्या, सांधे उघडले. पुन्हा पाणी आलं तेव्हा मुंजाजीनं दगडाला नवा शेंदूर लावला. माझं डांबर मात्र राहून गेलं.

पुढच्याच वर्षी श्रावणात, भर दुपारी, त्याच्या सात वर्षांच्या लेकीला, मनकर्णाला, ज्वारीच्या रानात घोणस चावली. पलीकडच्या दवाखान्यात न्यायला तिला खांद्यावर टाकून तो धावत आला. मागोमाग शाळेच्या कुसुमबाई आल्या. बौद्धवाड्यातल्या या तरुण बाई त्याच वर्षी मास्तरीण झाल्या होत्या. बाकी गाव लांबलांबच्या रानांत पांगलेलं होतं. नदी गढूळ, फुगलेली. पाण्यावरून अख्खी झाडं वाहत होती. माझ्या फळ्या कुरकुरू लागल्या.

मुंजाजीनं पोरीला माझ्यात ठेवलं, बाई तिच्याजवळ बसल्या आणि तो थबकला.

"बाई, तुमी उतरा. तिघं व्हायलोत आपून."

"मी उतरले तर पोरीला धरणार कोण? तुमचे दोन्ही हात वल्ह्याला. तिचा पाय हलू देऊ नये, मामा."

तो दगडाकडे वळला.

"एवढ्या पुरात हे ओझं कशाला?"

"तीन म्हंजी मरण हाय, बाई! म्या डोळ्यानं बघितलंय."

"आमी वंदनेत बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जातो. अन् तेबी तीन-तीनदा म्हणतो," कुसुमबाई म्हणाल्या. "तुमच्या महादेवाला बेलाचं पान तीन दळांचंच लागतं. चूल तीन दगडांवर मांडतात. तीनात मरण असतं तर घरात अन्न कसं शिजलं असतं?"

मुंजाजीनं सगळं ऐकलं. पण बुडणाऱ्या बापाची हाक त्याच्या कानात त्याहून मोठी होती. त्यानं दगड ठेवलाच. घाईत तो माझ्या तळाशी आदळला.

मधल्या धारेत लाट आली. दगड गडगडत डाव्या अंगाला गेला आणि उघड्या सांध्यावर धडकला. अंबाडीचा बोळा निघाला. पाणी आत उसळलं. मित्रांनो, आत शिरणारं पाणी किती थंड असतं, ते नावेलाच ठाऊक! कुसुमबाई एका हातानं मनकर्णाचा पाय धरून दुसऱ्या हातानं डब्यानं पाणी उपसू लागल्या. ओठांत वंदना होती. त्याही भेदरल्या होत्या.

"बा, मला नीट दिसंना," मनकर्णा म्हणाली.

"मामा, दगड फेका!"

मुंजाजीनं दगड उचलला. क्षणभर छातीशी धरला. मग मोठ्यानं ओरडून पाण्यात टाकला आणि डोळे मिटून मरणाची वाट पाहत बसला. मी आडवी फिरले. आता उलटणार, असं मलाही वाटलं. तेवढ्यात कुसुमबाईंनी पदर फाडून फटीत कोंबला.

"वल्हं मारा! पोरगी जिवंत हाय!"

त्यानं डोळे उघडले आणि वल्हं मारलं. आम्ही काठाला लागलो. तिथून बैलगाडीनं ते दवाखान्यात पोचले. अठरा दिवसांनी मनकर्णा जराशी लंगडत घरी आली.

मग मुंजाजीनं मला पालथी घातली. त्या फटीत बोट घातलं आणि तो हमसून रडला. "तीननं न्हाई, माझ्या आळसानं बुडत होती माझी लेक," म्हणाला. त्यानंतर दर वर्षी मृगाआधी माझ्या अंगाला डांबर लागलं. त्याची भीती गेली का? नाही. तिघं बसले की त्याचे हात कापायचे. कापत्या हातांनीच तो वल्हं मारायचा.

आता नदीवर बुटका पूल झाला आहे. मुंजाजी थकला. मी काठावर पालथी पडले आहे. पोरं माझ्या पाठीवरून घसरगुंडी खेळतात. मित्रांनो, भीती वाटली तर लाजू नका. पण नवस बोलण्याआधी खाली वाकून सांधे तेवढे तपासा. माझी डावी फट पुन्हा रुंदावते आहे. पाऊस यायच्या आत कुणीतरी डांबर घेऊन या. पूर आला की तो पूल पाण्याखाली जातो, आणि त्या दिवशी कुणीतरी आपलं लेकरू खांद्यावर टाकून इथंच धावत येईल.