ज्योत मी शोधली, मेमो मामांना

मी एक जुना खराटा आहे. खराटा म्हटल्यावर लगेच नाकं मुरडू नका, मित्रांनो. गेल्या सात वर्षांत मी चिमूटभर धूळसुद्धा झाडलेली नाही. हायड्रोजनच्या ज्योतींवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत मी कामाला आहे, आणि माझं काम चांगलं जोखमीचं आहे.

मला बांधलं मामांनी. मामा म्हणजे तिथले गॅसच्या नळ्या जोडणारे फिटर. त्यांनी वाळक्या काड्या निवडून घेतल्या, सुतळी जळेल म्हणून तारेने आवळल्या आणि लांब दांडा बसवला. हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही. अगदी जवळ जाईपर्यंत तिची धगही फारशी लागत नाही. म्हणून मामा मला पुढे धरून चालत. माझा शेंडा पेटला की समजायचं, ज्योत इथे आहे. मग ते मला बादलीत बुडवत, जळके शेंडे कातरत आणि म्हणत, "शाब्बास रे गड्या." कातरून कातरून मी निम्मा झालो, पण कधी कुरकुर केली नाही.

तिथे पीएच.डी. करणारी एक मुलगी होती. मामा तिला ताई म्हणत. गॅसचा वेग वाढवत नेला तर ज्योत कुठवर तग धरते, हे ती आधी कॉम्प्युटरवर मांडायची आणि मग प्रयोगात पाहायची. अमुक वेगाला ज्योत विझणार, असं कॉम्प्युटरचं गणित सांगायचं. तिथे एक भारी कॅमेराही होता. डोळ्यांना न दिसणारी ज्योत त्याला दिसे. पण ज्योत तोंडाशीच असते असं गणिताने सांगितलं म्हणून तो फक्त नळीच्या तोंडावर रोखलेला. तो वेग आला की कॅमेऱ्याचा पडदा काळा व्हायचा. ताई वहीत ‘विझली’ असं लिहायची आणि लांबूनच बटणाने गॅस बंद करायची. तीन महिने हेच चाललं. मी कोपऱ्यात उभा राहून जळफळत होतो, पण खराट्याला विचारतो कोण?

एके दिवशी ते बटण अडकलं. नळीच्या पलीकडे गॅस बंद करायची एक चावी होती. ती हाताने फिरवायला ताई निघाली.

"थांब ताई," मामा म्हणाले. "आवाज ऐक जरा. विझल्यावर असा आवाज येत नाही."

"मामा, पडदा काळा आहे. गणितही तेच सांगतंय."

"सांगू दे की. आधी याला पुढे जाऊ दे."

मामांनी मला नळीच्या तोंडापासून हातभर वर धरलं आणि माझा शेंडा भपकन पेटला. ताई पांढरीफटक पडली, कारण चावीसाठी ती नेमकी तिथेच वाकणार होती. ज्योत विझलेली नव्हतीच. नळीचं तोंड सोडून ती वर गेली होती आणि हवेत ठाम उभी होती.

मग काय, धावपळ झाली. कॅमेरा वर वळवला, गणित सुधारलं, ताईचा आणि तिच्या मार्गदर्शक सरांचा शोधनिबंध छापून आला. त्यात कॉम्प्युटरचा उल्लेख, कॅमेऱ्याचा फोटो, दहा जणांचे आभार. माझं नाव नाही ते सोडा, मामांचंही कुठे नाही!

पुढच्याच आठवड्यात सुरक्षा समिती आली. समितीच्या साहेबांनी मला दोन बोटांनी उचललं.

"हायड्रोजनजवळ ज्वलनशील वस्तू? कोणाची आहे ही?"

अहो, मी पेटतो म्हणूनच तर मला ठेवलंय! न पेटणारा खराटा घेऊन काय करणार होतात? सर फायलीत डोकं घालून बसले. ताई जमिनीकडे पाहत राहिली.

"माझी," मामा म्हणाले.

मामांना मेमो मिळाला आणि मला अडगळीची खोली. तीस वर्षांत एक डाग नाही, निवृत्तीला चार महिने राहिलेले, आणि अशा माणसाला मेमो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समितीचा राग आलाच, पण ताईचा त्याहून जास्त आला. तिला सगळं ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी ती मामांकडे आली. आता मोठ्या नळीवर प्रयोग करायचा होता. ज्योत कुठे जाऊन उभी राहील याचा अंदाज नव्हता, त्यामुळे कॅमेरा कुठे रोखायचा तेही कळत नव्हतं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "खराटा द्याल का?"

देऊ नका, मी मनातल्या मनात ओरडलो. आधी त्या मेमोचं विचारा. पण मामांनी मला अडगळीतून काढलं, शेंडे नीट कातरले आणि तिच्या हातात दिलं.

"दांडा अगदी शेवटाला धर. चेहरा लांब ठेव. आणि घाई करू नकोस."

ताईचे डोळे भरून आले. मला घेऊन ती प्रयोगाकडे गेलीच नाही, सरळ समितीच्या खोलीत शिरली आणि त्यांच्या चकचकीत टेबलावर तिने मला आडवं ठेवलं. फायलींवर काजळी सांडली.

"मामांनी हा पुढे धरला म्हणून माझा चेहरा वाचला," ती म्हणाली. "ज्योतही यामुळेच सापडली. मामांचा मेमो मागे घ्या, नाहीतर मलाही एक द्या. मीपण हाच वापरणार आहे."

मेमो मागे घेतला गेला. माझा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी काड्यांचा, जळत जळत एक दिवस संपणारच. पण ज्या माणसाने तुम्हाला वाचवलं, त्याच्यासाठी तोंड उघडायला तीन आठवडे लावू नका.