फौजीला सांगायचं नाही

आमच्या घरातला मुलगा फौजेत आहे, त्यामुळे आमच्या घरात कधी काही वाईट होत नाही. निदान फोनवर तरी. माझ्या नवऱ्याचा फोन आला की सासरे, म्हणजे पुंजाराममामा, तो ओसरीत पाटावर ठेवतात, स्पीकर लावतात आणि आम्ही सगळे त्याभोवती बसून सांगतो, सगळं बराबर हाय. म्हैस मेली तेव्हाही बराबर होतं.

उन्हाळ्यात सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि इकडे माझी धडधड सुरू झाली. अनोळखी नंबर दिसला की हात गार पडायचे, भाकरी तव्यावर करपायची. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत आहे म्हणाले आणि मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. लग्न झाल्यापासून मी एवढा वेळ सलग पहिल्यांदाच बोलत होते. याला इलाज आहे, म्हणाल्या. गोळ्या दिल्या, येत राहा म्हणाल्या, आणि नवऱ्यालाही सांगा म्हणाल्या.

परतताना एसटीत मामांनी निकाल दिला.

"गावात दाताचं सांगू. अन् रामप्रसादला कायबी सांगायचं न्हाई. त्याच्या हातात बंदूक हाय."

आमच्या हसनाबादेत माझे दात गाजले. बायका तोंडात डोकावून गेल्या. लवंगा इतक्या आल्या की वर्षाचा मसाला त्यात निघाला असता. शेजारच्या सुनेच्या डोहाळजेवणाला सगळ्यांना पुरणपोळी वाढली आणि मला मऊ भात. मी तो खाल्ला. पुरणपोळी मला फार आवडते, आणि त्या दिवशी मला मामांचा खराखुरा राग आला.

कुणीतरी दाताचं नवऱ्यालाही कळवलंच. परवा सकाळी फोन आला, स्पीकर लागला आणि त्यानं पहिलं तेच विचारलं.

"मीना, दात कसाय?"

मामांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले.

"दात चांगले हायेत," मी म्हणाले. "मला धडधड होऊन राह्यली. झोप न्हाई. मनाच्या डॉक्टरकडं जाते मी."

मामांनी फोन उचलून हलवून बघितला.

"माय कुठंय?" नवऱ्यानं विचारलं.

"शेतात गेली," मामा म्हणाले. "कापूस येचायला."

"खरं सांगा, बापू."

"खरंच गेली."

"आजोबा वारले तवाबी म्हैनाभर हेच सांगत होते तुम्ही. आजोबा शेतात गेले. सुट्टीवर आलो तवा फोटोला हार दिसला. तवापासून तुम्ही सगळं बराबर हाय म्हणलं की मला झोप लागत न्हाई."

खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवत नाही, हा अनुभव मामांना नवीन होता. ते उठले आणि चप्पल न घालता शेताकडे पळत सुटले. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. गावानंही पाहिलं नसावं.

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"ठेवू नको," तो म्हणाला.

"ठेवत न्हाई."

मग आम्ही दोघं तसेच थांबलो. त्याचा श्वास ऐकू येत होता. फार दिवसांनी मला त्याच्याजवळ बसल्यासारखं वाटलं.

सासूबाई, म्हणजे झुंबरबाई, ओटीतल्या कापसासकट आल्या. फौजीचा बाप अनवाणी पळत शेतात आला तर फौजीची आई काय समजेल, हे मामांच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि तिथं पोचल्यावर सांगायला त्यांच्यात दम उरला नव्हता. सासूबाईंचा चेहरा मला बघवेना. मी स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"रामा?"

"माय," तो म्हणाला.

"काय झालं? बोलत का न्हाई त्यो?"

"रेंज गेली आसंल," मामा म्हणाले.

"रेंज हाय," मी म्हणाले. "ते रडून राह्यलेत."