चार बोटं जागा

मी एक कपाट आहे. दोन दारं, तळाशी एक खोल खण, पितळेच्या कड्या. समोरून बघाल तर आजही देखणं आहे. पण माझी सगळी गोष्ट माझ्या पाठीमागे आहे, आणि तिकडे कुणी बघत नाही.

मला एका म्हाताऱ्या सुताराने केलं. लेकीला दिवस गेल्याचं कळलं तसं तिच्या बाबांनी मला करायला टाकलं आणि रोज संध्याकाळी दुकानात येऊन "झालं का?" विचारायला लागले. सुतार म्हणायचा, "बाळाच्या आधी पोचतं करतो, मग तर झालं?" पोचतं केलंही. जाताना बजावून गेला, "भिंतीला चिकटवू नका हं. मागे चार बोटं जागा सोडा. लाकडालाही वारा लागतो."

बाळ आलं. तिला घरात सगळे लिंबू म्हणायचे. तिची दुपटी, मग फ्रॉक, मग शाळेचे मोजे, सगळं माझ्या पोटात. तिची आई भलतीच काळजीखोर. लिंबू एकदा खोकली की ही तीन पुस्तकं उघडायची, आणि तिन्ही वाचून झाली की म्हणायची, "माझंच काहीतरी चुकत असणार."

मग एकदा लिंबूचा खोकला थांबेचना, आणि या वेळी मात्र तिचं चुकत नव्हतं. माझ्या शेजारच्या भिंतीला ओल आली होती. आधी बशीएवढा डाग, मग ताटाएवढा, मग त्यावर काळी बुरशी. प्लंबरने भिंतीला कान लावला. "आतला पाइप गळतोय. भिंत फोडावी लागेल," म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलं, लिंबूला त्या खोलीत झोपवू नका. त्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत झोपायला लागली. महिन्याभरात खोकला थांबला.

आणि त्याच सुमारास घर विकायचं ठरलं.

एजंट आला. चुणचुणीत माणूस. त्याने सांगितलं आणि आईने वहीत उतरवून घेतलं: भिंतीवरचे घरचे फोटो उतरवा, दुपारीसुद्धा सगळे दिवे लावा, माणसं बघायला येणार त्या सकाळी तळण नको, खेळणी दिसता कामा नयेत. एकेका ओळीपुढे ती खूण करत गेली. शेवटी तो या खोलीत आला, डागासमोर थांबला.

"ही भिंत आत्ता फोडलीत तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. एक हात रंग मारा आणि कपाट पुढ्यात सरकवा."

"पण सांगायला नको का त्यांना?" आई म्हणाली.

"त्यांनी विचारलं तर सांगा की, वहिनी."

लिंबूचे बाबा म्हणाले, "अगं, आपण चाललोय ना इथून? मग कशाला डोक्याला ताप?"

मला सरकवलं. ओल्या रंगाला माझी पाठ टेकली. चार बोटं राहू द्या, एक बोटही सोडलं नाही.

बरीच माणसं येऊन गेली. मग एक जोडपं आलं. तिला सातवा महिना. खोलीत पाऊल टाकताच म्हणाली, "अहो, ही बाळाची खोली!" तिने माझं दार उघडलं, वास घेतला, हसली. तिचा नवरा मात्र खाली वाकून माझा ओलसर पाय बघत होता. त्याने मला खांदा लावला. "जरा मागची भिंत बघू या का?"

आता सांगेल, मला वाटलं. आईने तोंड उघडलंही.

"ते... ते कपाट आम्ही तुमच्यासाठीच ठेवून जाणार आहोत. बाळाला होईल."

नवऱ्याने खांदा काढला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, किती मोठं मन तुमचं!" एजंटाने तर तिथल्या तिथे खिशातून पेन काढलं. आई माझ्या कडीकडे बघत होती. तिच्या बाबांनी करून दिलेलं कपाट तिने एका वाक्यात देऊन टाकलं होतं, आणि तेही चांगुलपणाने नव्हे. त्यांना फोनवर सांगितलं, "नव्या घरात मावत नाही हो बाबा."

निघायच्या दिवशी सगळे खोके खाली गेल्यावर ती एकटी वर आली. लिंबूच्या वहीची पानं फाडून लिहायला बसली. दोन कागद चुरगाळले, तिसऱ्यावर लिहिलं: कपाटामागे ओल आहे. आतला पाइप गळतो. भिंत फोडून घ्या. तोवर बाळाला या खोलीत झोपवू नका. खाली नाव नाही. चिठ्ठी हातात धरून ती दारापर्यंत गेली, परत आली, आणि माझ्या तळातल्या खणात, अंथरलेल्या कागदाच्या खाली सरकवून ठेवली.

खालून हाक आली, "चल गं, टेम्पोवाला ओरडतोय!"

"सांगितलं बरं का मी," ती म्हणाली. मला म्हणाली.

नवी माणसं आली तेव्हा बाईला नववा लागला होता. "मला वाकवत नाही, खणात कागद तुम्हीच घाला," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने जुना कागद काढलाच नाही. त्यावरच नवा अंथरला, बदकांच्या चित्रांचा.

आता माझी पाठ फुगली आहे, डावं दार लागत नाही. नवरा म्हणतो, "फुकट मिळालेल्या वस्तूचं असंच असतं." बाळाचा पाळणा मला खेटून आहे.

घर बघायला जाल तेव्हा कपाट सरकवल्याशिवाय निघू नका. मालकीण गोड बोलून ते देऊ करत असेल तर दोघांनी मिळून सरकवा. आणि तुम्ही घर विकणारे असाल, तर जे सांगायचं ते समोर बसून, तोंडाने सांगा. चिठ्ठी मी पोटात धरून आहे, पण ती हातात देणं मला जमत नाही.

आज सकाळी बाळ खोकलं. एकदा, मग लागोपाठ. त्याची आई धावत आली. तळाचा खण ओढला, बदकांवरचं लोकरीचं टोपडं उचललं, बाळाला घातलं आणि पायाने खण बंद केला.