बाकावरून पाहिलेली लेक

काचवाल्याचा विश्वास मापावर. खिडक्यांना काचा बसवण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. एक सूत कमी पडलं की काच वाया, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. म्हणून बायकोच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी मापाची गोष्ट काढली, तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागला.

"हे काळं दिसतंय ना, ते बाळाचं जठर," बाई म्हणाल्या. "पोटात हवं, ते छातीत आहे, हृदयाला खेटून. मधल्या पडद्याला भोक राहिलंय, त्यातून आतडीही वर सरकलीत. डाव्या फुप्फुसाला वाढायला जागाच नाही."

"जगेल का?"

"फुप्फुसाचं माप बरंच कमी आहे. अशी निम्मी बाळं जगतात, निम्मी नाही. पण मापावरून सगळं कळत नाही हो. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करा."

बायकोने ऐकलं, निम्मी जगतात. त्याने ऐकलं, निम्मी नाही. त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवलं, जीव लावायचाच नाही. "अहो, हात ठेवा, लाथा मारतंय," असं ती म्हणाली की तो म्हणायचा, "हाताला पुट्टी लागलीय."

ऑपरेशन करून मुलगी झाली. रडली नाही. लगेच घशात नळी घालून तिला वर, तिसऱ्या मजल्यावर नेलं. सह्या त्याने केल्या. "जा, बघून या," सिस्टर म्हणाल्या. तो जिने चढला आणि दाराबाहेरच्या बाकावर बसला. पुढे पाय उचलेना. अर्ध्या तासाने तसाच खाली आला.

टाके घातलेली बायको उशीवरून मान उचलून वाट बघत होती. "कशी आहे हो? कोणावर गेलीय?"

"नाक तुझं आहे," तो बोलून गेला. तिचा चेहरा उजळला. मग जिभेला हाड राहिलं नाही. "आणि डोकं पार टकलं. थेट तुझ्या बाबांसारखं!" ती टाके धरून हसली. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, "आज माझं बोट धरलं तिने." तीन दिवस हेच चाललं. वर बाक, खाली थापा.

चौथ्या दिवशी बायकोला चाकाच्या खुर्चीत बसायची परवानगी मिळाली. खुर्ची त्यालाच ढकलावी लागली. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

दारात वरच्या सिस्टर भेटल्या. "आई ना तुम्ही? या, या. आणि हे? भाऊ का?"

"बाळाचे बाबा," बायको म्हणाली.

"अगंबाई, उगवले म्हणायचे! चला, हात कसे धुवायचे दाखवते. पहिल्यांदाच येताय ना?"

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले.

काचेच्या पेटीत लेक होती. छाती मशीनच्या तालावर थरथरत होती. चिकटपट्ट्यांखाली नाक दिसतच नव्हतं. आणि डोक्यावर कानांपर्यंत आलेलं काळंभोर, दाट जावळ.

बायकोची नजर जावळावर थांबली. "टकली म्हणालात."

तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

"बोट धरलं म्हणालात. तेच आठवत मी झोपत होते."

"मी बाहेर बसायचो," तो कसाबसा म्हणाला. "भीती वाटायची."

"मलाही वाटत होती. पण मला चालता येत नव्हतं."

सहाव्या दिवशी सर्जननी आतडी खाली घेऊन भोक शिवलं. घशातली नळी निघायला आणखी तीन आठवडे गेले, आणि दूध पाजायची नाकातली बारीक नळी तशीच ठेवून लेक तिसऱ्या महिन्यात घरी आली. तोपर्यंत तो एकही दिवस चुकला नाही. पेटीपाशी उभा राहायचा, सिस्टर सांगतील तसा तिच्या पायाला हात लावायचा. पण "कशी आहे हो?" हे बायकोने त्याला पुन्हा विचारलं नाही. ती सिस्टरना फोन करायची.

आता लेक दीड वर्षाची आहे. सर्दी झाली की धाप लागते, एरवी घर डोक्यावर घेते. "ताप नाही तिला," असं तो म्हणाला, तरी बायको स्वतः कपाळाला हात लावून बघते.

परवा सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या, "जावयांनी काय धावपळ केली तेव्हा! बाप असावा तर असा." त्याने मान खाली घातली. बायको तिथेच लेकीला भरवत होती. तिने फक्त पुढचा घास पुढे केला.