परक्यांचे फोटो

तिने संगणकावरचं फोटोंचं सिंक थांबवलं, घोटभर पाणी घेतलं आणि ते पुन्हा सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन बाण एकमेकांचा पाठलाग करत गोल फिरू लागले. थोड्या वेळाने ते थांबले आणि तिथे हिरवी बरोबरची खूण उमटली. सगळं व्यवस्थित आहे, असं संगणकाचं म्हणणं होतं.

पानावर मात्र फोटोच्या जागी राखाडी चौकोन होता आणि त्यात लिहिलेलं होतं, ‘फाइल सापडत नाही’.

लोकांची पुस्तकं मांडून देणं हा तिचा व्यवसाय. घरच्याच एका खोलीत टेबल, संगणक आणि प्रुफांचे ढीग घेऊन ती बसायची. या वेळचं पुस्तक मात्र घरचं होतं. आईला सत्तरावं लागणार होतं, आणि तिच्या आयुष्यातले फोटो एकत्र बांधून तिच्या हातात ठेवायचे असं लेकीने ठरवलं होतं. फोटोंना तोटा नव्हता. स्वतःचा, नवऱ्याचा आणि बाबांचा असे तिन्ही फोन तिने मागेच एका अकाउंटला जोडून दिले होते. कुणीही फोटो काढला की तो क्लाउडवरच्या ‘घर’ नावाच्या फोल्डरमध्ये येऊन पडायचा. जुने अल्बमही स्कॅन करून तिने तिथेच ठेवले होते. एकदा ठेवलं की काळजी मिटली, अशी तिची समजूत होती.

आता त्यातले फोटो जात होते. एकदम सगळे गेले असते तर निदान काहीतरी कळलं असतं. हे उंदराने कुरतडल्यासारखं चाललं होतं. आधी आईच्या मैत्रिणी गेल्या, मग मावशीच्या सासरची मंडळी, मग जुन्या घराचे शेजारी. क्लाउडच्या कचरापेटीतून ती त्यांना शोधून परत आणायची आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गायब व्हायचे. तिने पासवर्ड बदलला. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. डिस्कवर जागा आहे का तेही पाहिलं. जागा होती.

“बंद करून चालू करून बघ,” नवरा दारातून म्हणाला.

“केलं.”

“मग देवाला नारळ,” असं म्हणत तो आत आला आणि तिच्या खांद्यावरून पाहू लागला. तिने माउसने पान खाली सरकवलं. त्यांच्या लग्नाच्या फोटोंमधले कितीतरी गेले होते. त्याचा एकट्याचा तर एकही उरला नव्हता.

“संगणकालासुद्धा जावई नको झालाय,” तो हसून म्हणाला. ती हसली नाही, तेव्हा त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बाहेर गेला.

शेवटी तिने क्लाउडवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईचा आवाज थकलेला होता, पण ती धीराची होती. तिने सगळं ऐकून घेतलं, कुठे क्लिक करायचं ते सांगितलं, मग विचारलं, “तिथे हालचालींची नोंद दिसतेय का?”

“दिसतेय.”

“फाइल डिलीट झाली, त्याच्यापुढे कुठल्या डिव्हाइसचं नाव आहे?”

तिने वाचलं. खालची ओळ वाचली. त्याखालचीही. प्रत्येक ओळीपुढे एकच नाव होतं, तिनेच कधीकाळी टाइप केलेलं : ‘बाबांचा फोन’.

“तुमचं सिंक बिघडलेलं नाही हो,” ती बाई म्हणाली. “उत्तम चाललंय. तिकडे पुसलं की इकडे पुसलं जातंय. त्या फोनचं सिंक बंद करा, म्हणजे तिथे काहीही झालं तरी तुमच्याकडचं शाबूत राहील.”

तिला हायसं वाटलं. बाबांची बोटं जाडजूड, कुठेतरी भलतीकडे पडत असतील. नाहीतर फोन भरला असेल आणि ते जागा करत असतील. एवढंच ना! गेलेले फोटो तिने पुन्हा परत आणले आणि दुपारी ती आईवडिलांकडे गेली.

आईने दार उघडलं आणि ओले हात पुसत म्हणाली, “गॅलरीत आहेत. चहा टाकते.”

बाबा खुर्चीत बसले होते, चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब धरलेला. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“ये ठमे, ये. बस.”

लहानपणापासून ते तिला ठमीच म्हणत. ती शेजारच्या स्टुलावर बसली.

“बाबा, तुमच्या फोनमधून फोटो पुसले जातायत का हो? चुकून?”

“चुकून नाही. मीच पुसतो.” त्यांनी आवाज खाली आणला. “अगं, कुणाकुणाचे फोटो यात येऊन पडतात. लोकांच्या घरचे. काल पुसावेत, तर आज परत हजर.”

परत कोण आणत होतं ते तिला सांगवेना.

बाबांचा जन्म टपाल कचेरीत गेला होता. चुकून आलेलं परक्याचं पत्र एक रात्रही घरात ठेवायचं नाही, हा त्यांचा दंडक.

“पत्र असतं तर परत धाडलं असतं,” ते म्हणाले. “यात पत्ताच नसतो. मग काय करणार? लोकांची खासगी वस्तू आपण बघत बसायची, बरं दिसतं का? हा बघ, हा मिशीवाला. सारखा येतो.”

“बाबा, हे तुमचे जावई.”

“असं होय?” ते सभ्यपणे हसले. टपालाच्या खिडकीवर हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाईकाकडे पाहावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “बरं, बरं. राहू दे मग.”

त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली, मग खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“एक मात्र अडचणीचं आहे. तू मोठी झालीस म्हणून तुला सांगतो.” त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. “हा मी. बरोबर? समुद्रावर आहे. आणि ही बाई बघ, माझ्या हाताला धरून उभी आहे. ही कोण ते मला काही केल्या आठवत नाही. मी असा माणूस नाही गं. तुझ्या आईच्या नजरेला पडलं तर ती काय म्हणेल?”

वाऱ्याने आईचे पांढरे केस फोटोत चेहऱ्यावर आले होते आणि ती हसत होती. मागच्याच हिवाळ्यातला फोटो. लेकीनेच काढलेला.

“काही म्हणणार नाही आई.”

“तुला नाही माहीत. मनाला लावून घेते ती.”

कपांचा आवाज आला तसा त्यांनी फोन मांडीवर पालथा घातला. आई चहा घेऊन आली. बाबांनी कप घेतला आणि म्हणाले, “तू पण बस ना जरा. सकाळपासून उभी आहेस.” त्यांच्या बोलण्यात कुठे चूक नव्हती. आई बसली नाही, गॅसवर दूध आहे म्हणाली.

“बाबा, द्या इकडे फोन. नीट करून देते.”

त्यांनी विश्वासाने तो तिच्या हातात दिला. तिने सिंकचं पान उघडलं आणि बटण डावीकडे सरकवलं. फोनने विचारलं : ‘या फोनमधले बदल यापुढे इतर कुठेही दिसणार नाहीत. पुढे जायचं?’ तिचं बोट बराच वेळ वरच राहिलं. मग तिने ‘हो’ दाबलं.

“झालं?” बाबांनी विचारलं. “आता नाही ना येणार कुणी परत?”

“नाही येणार.”

“शाबास,” ते म्हणाले आणि फोन घेऊन पुन्हा कामाला लागले.

कप ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याकडे तोंड करून दुधावर लक्ष ठेवून उभी होती.

“सापडला का बिघाड?”

“सापडला. आता काही नाही जाणार. तुझे सगळे फोटो माझ्याकडे आहेत, आई. एकूण एक.”

आईने गॅस बारीक केला. वर आलेलं दूध खाली बसलं.

“तुझ्याकडचे नाही गं,” ती म्हणाली. “त्यांच्या फोनमध्ये किती उरलेत माझे?”